तीन नंबरची बाटली

मी, जिन्तना फोंगसाय, वय एकाहत्तर, राहणार चिआंग माई, निवृत्त संशोधक. श्वास थोडा कमी पडतो, स्मरण कमी पडत नाही. हे कोणाच्याही सांगण्यावरून लिहीत नाही. याआधी लिहिलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. घर, अंगणातला चाफा आणि बँकेतली शिल्लक धाकटी बहीण बुसबा हिला. शेजारी पालापाचोळा जाळू लागले की तिने खिडक्या लावून घ्याव्यात. भांडून काही होत नाही, मी पाहिले आहे.

२. सूक्ष्मदर्शक जुन्या प्रयोगशाळेला. त्यातून मी तीस वर्षे उंदरांची फुप्फुसे पाहिली. रंगवल्यावर ती गुलाबी दिसतात, धुके उजळू लागावे तशी. त्या धुक्यात शरीराचे रक्षण करणाऱ्या मदतनीस टी-पेशी निरोपाची वाट पाहत थांबलेल्या असतात. त्या निरोपांना आम्ही सायटोकाइन म्हणतो. इंटरल्युकिन-४ पोचले की पेशी साध्या धुळीला वैरी ठरवते आणि श्वासनळ्या आवळतात. इंटरल्युकिन-१२ पोचले तर तशीच पेशी दुसऱ्या वाटेने जाते, श्वासनळ्या मोकळ्या राहतात. डोळे मिटले की अजून त्या दिसतात. उभ्या असतात, काही मागत नाहीत.

३. वही क्रमांक चौदा आणि तीन नंबरची काचेची बाटली माझा विद्यार्थी पकिन याला. कारण लिहिणे भाग आहे.

प्रयोगात मेलेल्या उंदरांसाठी आम्ही दरवर्षी भिक्षूंना बोलावून पुण्यदान करतो. मंत्र चालू असताना पाणी ओततात, मग ते झाडाच्या मुळाशी सोडतात. त्या वर्षी पाण्याचे भांडे सापडेना. मी मांडणीवरची बाटली घेतली, नंतर विसळून परत ठेवली. भट्टीत तापवायची राहिली. पाण्यातल्या जिवाणूंचा अंश काचेला राहिला. उंदरांना दमा व्हावा म्हणून द्यायचा धुळीतल्या किड्यांचा अर्क तिच्यातच तयार झाला आणि नेमका औषध दिलेल्या उंदरांच्या वाट्याला आला. त्या अंशाने बाराचा निरोप सुटला, फुप्फुसे शांत राहिली. आम्ही छापले, की चारचा निरोप अडवणारे आमचे औषध लागू पडते.

पकिनने प्रयोग पुन्हा केला. फुप्फुसे सुजली.

"पिंजऱ्यांची अदलाबदल केलीस तू," मी म्हणाले.

"मॅडम, पिंजऱ्यांवरची कार्डं मी स्वतः लिहिलीत. एकदा येऊन बघा तरी."

मी गेले नाही. त्याने संशोधन सोडले. आता बाजारात पेज विकतो. दोन वर्षांनी पुण्यदानाच्या फोटोत माझ्या हातातल्या बाटलीवर तीनचा आकडा दिसला. वहीत अर्काच्या बाटलीचा आकडाही तीन. त्यानंतर नऊ वर्षे मी गप्प राहिले.

४. चूक कबूल करणारे पत्र माझ्या मृत्यूनंतर नियतकालिकाला धाडावे, असे इथे लिहिले होते. बुसबाने मसुदा वाचला.

"बरं आहे की, ताई. तू मरून मोकळी. त्याच्यासमोर उभं राहायला मी आहेच."

म्हणून ते कलम खोडले आहे. पत्र आज सकाळी गेले. एक प्रत मी पकिनच्या गाड्यावर नेऊन दिली. त्याने हात पुसले, वाचली, घडी घातली.

"पेज घेणार, मॅडम?"

घेतली. आले जरा जास्त होते.

५. माझ्या अंत्यविधीचे पाणी पकिनची हरकत नसल्यास त्याच बाटलीत ओतावे. तो आला तर त्याने ओतावे. न आल्यास त्याला कारण विचारू नये. पाणी चाफ्याच्या मुळाशी सोडल्यावर बाटली परत मांडणीवर ठेवू नये.

सही: जिन्तना फोंगसाय

आमच्या देखत सही केली. दोघांनाही यात वाटा नाही.
साक्षीदार: सोम्चित वोंगखाम, औषध दुकानदार
साक्षीदार: लमाय इन्ताचक, शेजारीण (पालापाचोळा जाळणारी)

चिआंग माई, ३ मार्च, बौद्ध संवत २५६७