तिसरं पातेलं

८ ऑगस्ट, शुक्रवार

७८.२. पुन्हा!

पाचवा शुक्रवार. बदलापूरच्या डायलिसिस सेंटरमधला तोच वजनकाटा, तीच मी, तोच आकडा. माझ्या नवऱ्याचं, राजरत्नचं वजन मशीनला लावायच्या आधी करतात आणि नंतर करतात. त्याचं चार तासांत अडीच किलो उतरतं. मला पाच आठवड्यांत अडीचशे ग्रॅम जमत नाही. सिस्टर म्हणाली, "ताई, उतरा आता, तो आकडा बघून बदलणार नाही." बदलेल. बदलायलाच लावीन.

फेब्रुवारीत मी ८६ होते. मुंबईच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. रक्त जुळतं, माझ्या दोन्ही किडन्या ठणठणीत. फक्त वजन! "चौऱ्याहत्तरच्या खाली या, मग एक किडनी यांना देता येईल. तोपर्यंत तुम्हाला टेबलवर घेणार नाही." राजरत्नच्या हृदयावर ताण यायला लागलाय, त्यामुळे हे वर्ष संपायच्या आत व्हायला हवं. जूनअखेरपर्यंत आठ किलो उतरवले मी. राहिले चार, आणि ते चार अंगाला चिकटून बसलेत.

१० ऑगस्ट, रविवार

ही वही कारखान्यात माझ्या शिलाई मशीनच्या खणात राहते; शुक्रवारी कारखान्याला सुट्टी, तेव्हा पिशवीत बरोबर असते. जेवणाच्या सुट्टीत लिहायचं. तोंडावर 'अहो' आणि वहीत राजरत्न. घरात कोणाला कळलं तर सासूबाई अख्ख्या बुवापाड्याला सांगतील. पण वही माझी आहे.

आज सकाळी घरून कॅम्प चारमधल्या कारखान्यापर्यंत चालत आले. रोज येते. पंचेचाळीस मिनिटं. आल्यावर पडदे शिवायचे आठ तास. कोण म्हणतं मी हलत नाही?

१५ ऑगस्ट, शुक्रवार

७८.२. झेंडावंदनानंतर सेंटरमध्ये जिलेबी वाटली. घेतली नाही. एवढंच.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आज राजरत्नबरोबर सासूबाई गेल्यात. मंगळवार त्यांचा, शुक्रवार माझा. किडनी द्यायला आधी त्याच पुढे झाल्या होत्या. सत्तरी आणि साखर, म्हणून डॉक्टरांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. तेव्हापासून माझ्या ताटाकडे त्यांचं बारीक लक्ष असतं.

घरात स्वयंपाक राजरत्नचा. कंपनीच्या कँटीनमध्ये अठरा वर्षं काढली, आजारपणात नोकरी गेली, हात गेला नाही. ओट्यावर रोज तीन पातेली. एक त्याचं. त्यातली भाजी चिरून भिजवायची, उकळायची, पाणी फेकायचं, मीठ नावाला. खाताना त्याचं तोंड बघवत नाही. दुसरं सासूबाईंचं आणि इराचं. तिसरं माझं, बिनतेलाचं. काल रात्री दुधी होता. तेलाचा थेंब नाही आणि रस्सा असा दाट, की बोटं चाटली! कँटीनचा हात तो. मी म्हटलं, "अहो, जादू आहे तुमच्या हातात." तो कढई घासत राहिला.

इरा दहावीला आहे. फेब्रुवारीत एकदाच तो म्हणाला होता, "दोघंही आडवे पडलो तर पोरीचं काय?" मी म्हटलं होतं, "कोणी आडवं पडत नाही." विषय तिथेच संपला. मला तरी तसंच वाटलं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

७८.०!!! दोनशे ग्रॅम! सिस्टरला मिठीच मारणार होते.

५ सप्टेंबर, शुक्रवार

७८.२. बरं झालं मिठी मारली नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

काल पौर्णिमा. पावसाळ्यातला वर्षावास चालू आहे म्हणून सासूबाईंनी अष्टशील घेतलं. दुपारी बारानंतर अन्न नाही. मी पण घेतलं. संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला गेले. वाचन संपल्यावर विहारातल्या महिला मंडळाच्या सुंदराबाईंनी मला आपादमस्तक बघितलं आणि सगळ्या बायांसमोर म्हणाल्या, "मनातून द्यायचं असतं तर एव्हाना उतरलं असतं वजन." दोन बायकांनी माना हलवल्या. माझ्या पोटात सकाळच्या अकरापासून अन्न नव्हतं आणि ही बाई मला मन शिकवत होती!

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही उद्यापासून माझ्याबरोबर चालायला या. सहाला निघते." त्यांना एकदम गुडघे आठवले.

हे सगळं चाललं असतं. पण परत येताना सासूबाई रस्त्यात थांबल्या. "खरं सांग यशोधरा. भीती वाटते ना तुला? चोरून खातेस का?" आवाज चढलेला नव्हता. विनवण्यासारखा होता. तेच जास्त लागलं. एकोणीस वर्षं झाली या घरात येऊन.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

७८.४. वाढलं.

राजरत्न मशीनवर पडून होता. मी बाजूच्या स्टुलावर. तो म्हणाला, "सोड आता. पुष्कळ केलंस. चाललंय ना असं." हाताला दोन सुया, ओठ पांढरे, आणि म्हणे चाललंय. मी म्हटलं, "तुम्ही तुमच्या मशीनकडे बघा."

सोडणार नाही. अजिबात सोडणार नाही. वजनाला हट्ट असेल तर मला दुप्पट आहे. चालणं आता सव्वा तास. रात्रीची भाकरी बंद. बघू कोण आधी थकतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज जे कळलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

सुट्टीत ओवा घ्यायला कारखान्यामागच्या मसाल्याच्या दुकानात गेले होते. सिंधी काका जुने ओळखीचे. राजरत्न कँटीनचा माल तिथूनच भरायचा. काका म्हणाले, "भाभी, भैया का मगज आ गया है. आधा किलो हर हफ्ते का. आप ही ले जाओ, उनका चक्कर बचेगा."

मगज म्हणजे टरबुजाच्या सोललेल्या बिया. वाटून घातल्या की रस्सा दाट होतो, वेगळी चव लागत नाही. हॉटेलवाले घालतात. बदामाइतक्याच जड! मी विचारलं, "कबसे ले जा रहे हैं?" काका म्हणाले, "जुलैसे. बोले, घर में किसी को ताकत के लिए चाहिए."

राजरत्नला बिया चालत नाहीत, डॉक्टरांच्या कागदावर लाल शाईत लिहिलंय. सासूबाईंच्या आणि इराच्या भाजीचा रस्सा पातळ असतो, मी रोज बघते. राहिलं तिसरं पातेलं.

जुलैपासून. म्हणजे माझा आकडा थांबला तेव्हापासून. आठवड्याला अर्धा किलो बिया, एकट्या माझ्या पोटात. आणि मी बोटं चाटत होते!

१८ सप्टेंबर, गुरुवार

काकांकडून घेतलेली मगजाची पुडी त्याच्या तोंडावर मारायची असं ठरवून काल घरी गेले होते. विहारातला अपमान माझा. सासूबाईंचा संशय माझ्यावर. अकरा आठवडे फुकट, आणि ते अकराही आठवडे त्याच्याच आयुष्यातले! इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता. आणि इतकं प्रेमही कोणी माझ्यावर केलं नव्हतं, हे लिहिताना अजून राग येतो.

घरात शिरले. तो खाली बसून लसूण सोलत होता. सुजलेले पाय पुढे पसरलेले. पुडी पिशवीतच राहिली.

रात्रभर विचार केला तो असा. मी भांडले असते तर त्याने तोंडावर नाही म्हटलं असतं. त्याची सही लागते. त्याने समोरासमोर नाही म्हटलं की डॉक्टरही काही करू शकत नाहीत. चोरून नाही म्हणतोय तोवर मला चोरून जिंकता येईल. मग तसंच. पुडी आत्ता काकांना परत केली, "भैया को मत बोलना" असं बजावून.

२० सप्टेंबर, शनिवार

तुळशीला सांगितलं. माझ्या शेजारच्या मशीनवर बसते, बदलापूरच्या पुढच्या गावातली. सगळं ऐकून हसत सुटली. "तुजा नवरा लय येडा हाय गो." मग डबा पुढे सरकवला. "माजा घे. तुजा मना दे." तिच्या डब्यात नाचणीची भाकरी आणि मुळ्याचा पाला. माझ्या डब्यात पडवळ, रस्सा दाट. रोजची अदलाबदल ठरली. घरी रात्री काकडी आणि ताक, कारण विचारलं तर "कारखान्यात उशिरा जेवले." डबा रोज रिकामा जाणार. त्याला समाधान.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

७७.३.

राजरत्नने आकडा वाचला आणि सिस्टरला विचारलं, "काटा तपासता का कधी?"

३ ऑक्टोबर, शुक्रवार

७६.६. काल धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला. खीर केली होती त्याने. माझ्या वाटीत काठोकाठ, स्वतःच्या हाताने वाढलेली. मी म्हटलं, "पंचशील घेऊन आल्यावर खाते." वाटी गेली शेजारच्या म्हाताऱ्या सगुणाबाईंकडे. त्यांनी धुऊन परत आणून दिली आणि त्याच्यासमोरच म्हणाल्या, "खीर झकास." त्यांचं बोलणं बुडावं म्हणून मी भांडी आपटत खोकले.

११ ऑक्टोबर, शनिवार

काल ७५.९. आता डब्यात भाजीबरोबर तिळाची चटणी येते. वर शेंगदाण्याचा लाडू. "अशक्त दिसतेस," म्हणतो. तोही अंदाज घेतोय, मीही घेतेय. घरात लढाई चालू आहे आणि कोणाचा आवाज नाही. तुळशीचा ब्लाऊज दंडाला रुततोय. "नवऱ्याला सांग, तिखाट थोडा कमी टाक," म्हणाली.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

७५.१. मागच्या शुक्रवारी पण ७५.१ होतं. पुन्हा थांबलं.

यावेळी मगज नाही, ते तर तुळशीच्या पोटात जातंय. आता फक्त माझं शरीर नाही म्हणतंय. तासभर वाईट गेला. आज त्याचे पाय जास्त सुजले होते, पायऱ्या चढताना दोनदा बसला. पण मी अकरा आठवडे नवऱ्याच्या मगजाशी झुंजले आणि हरले नाही. हे तर माझंच शरीर आहे. ऐकेल. उद्यापासून संध्याकाळीही चालतच घरी.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

७४.४.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

७३.९.

सिस्टरने दोनदा चढायला लावलं. दोन्ही वेळा ७३.९! तिने टाळ्या वाजवल्या, तीन पेशंटांनी पडल्यापडल्या हात वर केले. राजरत्न आकड्याकडे बघत राहिला, आणि मी त्याच्याकडे.

आम्ही परतीच्या रिक्षात बसलो. अंबरनाथ आलं तेव्हा तो म्हणाला, "डबा कोण खात होतं?"

"तुळशी."

"कधीपासून?"

"सप्टेंबर."

"आवडला तिला?"

"दोन किलो वाढली."

तो हसला. किती महिन्यांनी हसला! रिक्षावाल्याने वळून बघितलं. मग हसू थांबलं आणि तो म्हणाला, "मी सही करणार नाही, यशू. तुला फाडू देणार नाही. इराला एक तरी धड माणूस राहू दे."

झालं. जे टाळण्यासाठी दोन महिने तोंड शिवून बसले, तेच आलं.

मी म्हटलं, "एका किडनीवर माणसं धडच असतात. नवऱ्याशिवाय मी धड असेन असं तुम्हाला कोणी सांगितलं? मला विचारलंत?" तो बाहेर बघत होता. मी म्हटलं, "उद्यापासून माझा डबा करू नका. तुमच्या हातचं मी खाणार नाही." आवाज फुटला. फुटू दे.

घरी सासूबाईंना आकडा सांगितला. त्यांनी फोन उचलला, सुंदराबाईंना लावला, आणि दारात उभं राहून गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "त्र्याहत्तर पूर्णांक नऊ. लिहून घे."

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी डबा न घेता निघाले. त्याने हाक मारली नाही. तुळशीने अर्धी भाकरी दिली. ती तशीच कागदात बांधून ठेवली.

९ नोव्हेंबर, रविवार

आज निघताना डबा पिशवीत होता. कधी ठेवला कळलं नाही. परत ठेवायला वळले, तर इरा म्हणाली, "आई, ने ना. पप्पा चारला उठलेत."

आत्ता उघडला. दुधी. रस्सा पाण्यासारखा पातळ. घास घेतला. मीठ नावाला, चव उकळून फेकलेली. ही त्याच्या पातेल्यातली भाजी आहे. माझं तिसरं पातेलं आज चढलंच नाही.

झाकणाला आतून कागद चिकटवलाय. "बुधवारी रजा टाक. सहीला मुंबईला जायचंय."

रडले. सगळ्या कारखान्यासमोर रडले. तुळशीने डबा बदलायला हात पुढे केला. मी दिला नाही.