कळवणच्या रोलरचा गंज

मी, भिकन सावळीराम शेजवळ, वय वर्षे एकसष्ट, धर्म बौद्ध, एकलहरे वीज केंद्रातून निवृत्त झालेला पेंटर, राहणार इंदिरानगर, नाशिक, माझ्या राजीखुशीने आणि कुणाच्या दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. धाप लागते ती छातीला लागते, असे डॉक्टरांनी लिहून दिले असून तो कागद सोबत जोडला आहे. वकीलसाहेबांनी केलेला मसुदा एका पानात संपत होता. माझे एका पानात भागत नाही, म्हणून त्यांच्या भाषेत माझी भाषा मिसळून स्वतःच लिहायला बसलो आहे.

१. इंदिरानगर येथील दोन खोल्या व मागची पडवी ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. माझ्या पश्चात ती पत्नी लताबाई हिच्या मालकीची व तिच्या पश्चात मुलगी सुमन हिच्या मालकीची होईल. मुलगी परक्या घरी गेली, तिला घर कशाला, असे माझे चुलतभाऊ म्हणतील. त्यांना चहा द्यावा, घर देऊ नये.

२. बँकेतील व पोस्टातील शिल्लक लताबाईची. यावर भांडण होण्याइतकी ती नाही.

३. पडवीतील कपाट, त्यातील चार मॉडेले (तेलाचा घाणा, उसाचा लोखंडी चरक, छापखान्याचे पायाने चालवायचे यंत्र व विहिरीवरचे ऑइल इंजिन) आणि माझी सर्व हत्यारे सुमनला द्यावीत. ही मॉडेले नवी दिसत नाहीत. ती तशीच केली आहेत. मी नोकरीत जन्मभर गंज खरवडला आणि वर रेड ऑक्साइड मारला. घरी आलो की उलटे काम. लोखंडाचा कीस मिठाच्या आणि चिंचेच्या पाण्यात भिजवून गंज तयार करायचा, तो वाळवून मलमलीतून चाळायचा, व्हार्निशात कालवून बारीक कुंचल्याने लावायचा. डालडाच्या डब्याचा पत्रा आणि छत्रीच्या काड्या यांचे केलेले यंत्र त्यानंतर कुठे म्हातारे दिसू लागते. लताबाई म्हणायची, घरी आलेल्या पाहुण्यांना काय सांगू, नवरा गंज पिकवतो म्हणून? पण या मॉडेलांना तिने ओले फडके कधी लावले नाही, हे मी येथे कृतज्ञतेने नमूद करतो. सुमननेही लावू नये. कोंबडीच्या पिसाने धूळ उडवावी, तेवढे पुरे.

४. आता पाचव्या मॉडेलविषयी. कळवणच्या रस्त्याला लिंबाखाली रस्ता दाबायचा वाफेचा एक जुना रोलर कित्येक वर्षे पडून होता. त्याचे हातभर लांबीचे मॉडेल मी आणि माझा मित्र सहादू मल्हारी काकड, राहणार मखमलाबाद, यांनी मिळून केले. आम्ही दोघे एकलहऱ्याला एकाच दिवशी चिकटलो. तो टर्नर, मी पेंटर. त्याच्या मळ्यातला भाजीपाला आणि गुलाब माझ्या घरी फुकट यायचे. लोखंड, पितळ, चाके, बॉयलर हे सगळे त्याच्या हातचे, आणि वरचे म्हातारपण माझ्या हातचे. सुट्टीच्या दिवशी एसटीने कळवणला जायचो. तो फूटपट्टी घेऊन रोलरखाली शिरायचा आणि मी पाणी कुठून ओघळले ते बघत बसायचो. गंज कुठेही धरत नाही. तो पाण्याच्या वाटेने उतरतो.

हा रोलर ज्यांनी चालवला ते फकिरा ड्रायव्हर तेव्हा हयात होते. त्यांना दिसत कमी होते. त्यांनी चाचपत लोखंडी दांडा शोधला आणि म्हणाले, "इथं माझा हात असायचा. इथं गंज नाय धरनार, बघा." खरोखरच तेवढी वीतभर जागा काळी, गुळगुळीत होती. मॉडेलवर त्या दांड्याची तेवढी जागा मी गंजाविना ठेवली आणि माझ्या अंगठ्याने रोज घासून काळी केली. त्या मॉडेलमध्ये मला सर्वांत आवडणारी जागा तीच होती. पुढे रोलर भंगारात गेला आणि फकिरा ड्रायव्हरही गेले. मागे राहिले ते आमचे मॉडेल.

आम्ही तेव्हा नाशिकरोडला भाड्याच्या खोलीत राहत होतो आणि त्या खोलीत ओल होती. म्हणून मॉडेल मी लाकडी पेटीत ठेवत असे, आत चुन्याची पुडी आणि पावसाळाभर जळता बल्ब. खरी ओल लागली असती तर पत्रा खाल्ला गेला असता आणि मी चढवलेला गंज पोपडे होऊन पडला असता. ही पेटी सहादूनेच करून दिली होती. म्हणजे मी ते मॉडेल कसे जपले हे जगात दोघांनाच ठाऊक होते, मला आणि त्याला.

एक्क्याऐंशी साली इंदिरानगरला घर बदलताना गडबडीत काही मोडू नये म्हणून ती पेटी मी सहादूकडे ठेवायला दिली. त्याने माझ्या देखत ती उंच फळीवर ठेवली आणि कुणी हात लावणार नाही असे सांगितले. मी निर्धास्त झालो.

त्या साली खंडेनवमीला सहादूने मला रस्त्यांची कामे घेणाऱ्या एका ठेकेदाराच्या कचेरीत पूजेला बोलावले. ठेकेदाराचे नाव लिहीत नाही, त्यांचा यात दोष नाही. मी पूजा करत नाही, पण मित्राने बोलावले म्हणून गेलो. अंगणात धुतलेली यंत्रे, झेंडूच्या माळा, हळदकुंकू. आत टेबलावर आमचा रोलर होता. हिरवा. चाके लाल. धुराड्याला सोनेरी पट्टा. माझा सगळा गंज घासून काढलेला आणि फकिरा ड्रायव्हरच्या हाताच्या जागेवर हिरवा ऑइलपेंट.

सहादूला बाजूला घेऊन विचारले. तो म्हणाला, "अरे भिकन, खंडेनवमीला गंजलेलं हत्यार कुणी पुजतं का?" त्याच्या धाकट्या मुलाला ठेकेदाराकडे नोकरी लागायची होती आणि भेट म्हणून मॉडेल द्यायचे होते. गंजका रोलर कचेरीत ठेवला तर लोक म्हणतील ठेकेदार बुडाला, हेही त्याने सांगितले. यातले काही मला समजत नाही असे नाही. त्याने आधी विचारले असते तर मी ते मॉडेल स्वतः डोक्यावरून नेऊन दिले असते, गंजासकट.

पण माझा सल तो नाही. ठेकेदार जवळ आले, हात जोडून मला म्हणाले, "भिकनराव, अशी वस्तू ओलीत ठेवू नये. सहादूंनी वाचवली म्हणून, नाहीतर तुमच्या खोलीत गंजून गेली होती." मी सहादूकडे बघितले. हे त्यांना त्यानेच सांगितले होते. आता तरी तो बोलेल म्हणून मी वाट पाहिली. तो नारळाची शेंडी सोलत राहिला. चारचौघांत माझ्या वर्षानुवर्षांच्या कामाला ओल ठरवले गेले आणि ज्याला खरे ठाऊक होते तो गप्प बसला. मी प्रसाद घेतला, घरी आलो आणि लताबाईला काहीच सांगितले नाही. ती हे आता वाचेल.

तेव्हापासून मी नवे मॉडेल केले नाही. सहादू दिवाळीला येतो, गुलाब आणतो, आम्ही हवापाण्याचे बोलतो. तो जिवाभावाचा होता म्हणूनच हे लागले आहे. दुसऱ्या कुणी केले असते तर मी चार शिव्या देऊन विसरलो असतो. हिरव्या रोलरवर मी अगर माझे वारस कोणताही हक्क सांगणार नाही. ते माझे मॉडेल नव्हे.

५. माझे अंत्यसंस्कार बौद्ध पद्धतीने साधेपणाने करावेत. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुमनने करावी. ती कळवणला शाळेत शिकवते आणि कुणाला घाबरत नाही.

६. सहादूला काय ठेवावे याचा पुष्कळ विचार केला. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. तेव्हा सहादूला काहीही ठेवलेले नाही व त्याला साक्षीदार म्हणून बोलावले आहे. साक्षीदाराने फक्त माझी सही बघायची असते, मजकूर वाचायचा नसतो, हे मला ठाऊक आहे. तरी मी हे कागद पहिल्या पानापासून त्याच्या हातात देणार आहे. वाचून त्याने सही केली नाही तर माझी तक्रार नाही. दुसऱ्या साक्षीदार शेजारच्या दोंदेबाई आहेत; त्यांच्या यजमानांनाही घरी थांबायला सांगितले आहे, सहादूच्या जागी ते सही करतील.

वरील सर्व मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला असून तो मला मान्य आहे.

ठिकाण: इंदिरानगर, नाशिक
दिनांक: ११ डिसेंबर १९८६

(सही) भिकन सावळीराम शेजवळ

भिकन शेजवळ यांनी आम्हां दोघांच्या समक्ष सही केली व आम्ही त्यांच्या समक्ष सह्या केल्या.

साक्षीदार:

(सही) अंबूबाई तुकाराम दोंदे, निवृत्त शिक्षिका, राहणार इंदिरानगर

(सही) सहादू मल्हारी काकड, निवृत्त टर्नर, राहणार मखमलाबाद

सर्व वाचले. तो गंज ओलीचा नव्हता. भिकनच्या हातचा होता. घासताना निघत नव्हता.
— सहादू