आत्याचं नाक

२४ ऑगस्ट, रविवार

डॉक्टरांचा हुकूम: रात्री काय जेवलात ते रोज लिहायचं. साखर वाढलीये. आत्याला सांगितलं तर फणकारली. "माझ्या जेवणाक आता डॉक्टर मार्क देतलो?"

आज मुगाची आमटी, भेंडी, तांदळाची भाकरी. श्रावण संपला तरी आमच्याकडे गौर जेवेपर्यंत मासे-मटण बंद. डॉक्टरांना एवढं पुरे. पण भेंडी काय झाली होती! कोकमातली, एक फोड चिकट नाही, कडेने जरा करपलीशी वाटावी एवढीच. मी आणि बायको वृषाली (यापुढे वृ.) टोप पुसून मोकळे झालो.

२५ ऑगस्ट

कालची आमटी आटवून, वर लसणीची फोडणी. ताज्यापेक्षा सरस. शिळ्याचं सोनं करावं ते आत्यानेच. गिरणी चालू होती तेव्हा आजी चाळीत खानावळ चालवायची, तिच्या हाताखाली ही तयार झाली. लग्न केलं नाही. आई-बाबा गेल्यावर मला हिनेच वाढवलं. चाळीचा टॉवर झाला, पण ओट्यावरची हुकूमत तीच.

शिळं वाढायच्या आधी ती टोप नाकाशी नेते. "चलात" म्हणाली की चालतं. "टाक" म्हणाली की टाकायचं, अपील नाही. मजल्यावरच्या बायकासुद्धा तिच्याकडे टोप घेऊन येतात. हल्ली मात्र आधी माझ्या नाकासमोर झाकण काढते, "बघ रे" म्हणते. आषाढात सर्दी-ताप झाला तेव्हापासून मायाळू झालीये.

२७ ऑगस्ट, बुधवार

बाप्पा आले. आत्या पहाटेपासून ओट्याशी. आमच्याकडे नैवेद्य दाखवेपर्यंत चाखायचं नाही, हुंगायचंही नाही. वृ.ने आमटीवर वाकून "अहाहा" केलं, तर आत्याने तिला उलथन्यानेच मागे सारलं. "आधी त्येचा होऊ दे गो!"

मीठ-तिखट सगळं नेमकं. न चाखता! मोदक किती खाल्ले ते लिहिणार नाही. डॉक्टरांना दाखवायची वही वेगळी करावी लागणार.

२९ ऑगस्ट

मोदकाचं सारण उरलेलं, त्याच्या पातोळ्या केल्या. हळदीच्या पानाचा वास जिन्यापर्यंत. कालची ऋषीची भाजी आज मुरली होती. मी म्हटलं, "आत्या, सण कशाला, सणाचा दुसरा दिवसच साजरा करूया." खूश झाली.

संध्याकाळी शेजारच्या पाटकरवहिनी खिरीचा टोप घेऊन आल्या होत्या. आत्या म्हणाली "चलात". मग लिफ्टमध्ये वहिनी भेटल्या. "भावोजी, खीर नासली होती हो. आत्या हल्ली थकल्यात का?" मी म्हटलं, छे! गणपतीची धावपळ, दुसरं काय.

१ सप्टेंबर, सोमवार

गौर जेवली. आमची गौर तिखटाची, म्हणून गणपतीसमोर पडदा. वडे-सागोती, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी. ऑफिसातल्या पुणेकर मित्राला जेवायला बोलावलं होतं. देवीला मटण म्हटल्यावर बिचारा बावरला. तिसऱ्या वड्यानंतर म्हणाला, देवीची आवड चांगली आहे.

मी जास्त काही लिहू शकत नाही. झोप येतेय, आणि पोटाला टेकून लिहिता येत नाही.

२ सप्टेंबर

सकाळी शिळे वडे चहात बुडवून. ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांची कीव येते. संध्याकाळी विसर्जन. रिकामा पाट बघवत नाही. रात्री उरलेली सागोती, रस्सा अंगाबरोबर आटवलेला, आणि पाव. वृ. म्हणाली, "आत्या, हे हॉटेलात मिळत नाही." आत्या म्हणाली, "मिळात कसा? हॉटेलात शिळा लपवतत."

३ सप्टेंबर

उसळ उरली होती. मी फोनवर होतो, म्हणून आज "बघ रे" झालं नाही. आत्याने टोप हुंगला, "चलात" म्हणाली, गरम करून वाढली. पहिल्याच घासाला आंबट. खोबऱ्याचं वाटण ते, परवाचं. वृ. अजून ऑफिसातून यायची होती.

मी मान वर केली. आत्या ताटाकडे नव्हे, माझ्या तोंडाकडे बघत होती. गपकन ताट उचललं आणि उसळ कचऱ्यात टाकली.

म्हणजे इतके दिवस "बघ रे" ते यासाठी. माया वगैरे काही नाही. ती माझं नाक वापरत होती.

४ सप्टेंबर

आज वृ. यायच्या आधी सरळ विचारलं. आधी उडवून लावलं, मग ओट्याला टेकली.

"तापापासना माका वासच येणा नाय. तुझा थोबाड बघलंय की समाजता चांगला हा की नाय."

मी म्हटलं, मग गणपतीचं सगळं? गौरीचं?

"देवाचा करताना कधी हुंगलंय? मग तुमचा करूक नाक कित्याक होया?"

नंतर तासभर स्वयंपाकघरात स्टुलावर बसून तिला बघत राहिलो. मोहरी कानाने ओळखते. कांद्याचा ओला आवाज गेला की खोबरं टाकते. खोबरं चिमटीत घेऊन बघते, हाताला कोरडं लागलं की उतरवते. आयुष्यभर देवासाठी जे केलं ते आता आमच्यासाठी रोज करते आहे. मला तर वाटलं उठून पाया पडावं. पडलो असतो तर लाटणं बसलं असतं.

शिळ्याचं तेवढं तिला कळत नाही. आवाज नाही, रंग नाही, नुसता वास; आणि आधी चाखून मग वाढणं तिच्या रीतीत नाही.

"बायकोक सांगू नको. ती माका बसवून ठेवात."

नाही सांगणार म्हटलं.

६ सप्टेंबर, शनिवार

आज लिहावंसं वाटत नाही, तरी लिहितो.

वृ. लवकर घरी आली. दारातच गॅसचा वास. आमटी उतू जाऊन शेगडी विझलेली, बटण चालूच. आत्या तिथेच खाली बसून माठ निवडत होती. वृ.ने कसला दिवा-बटण न लावता गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, तिला हाताला धरून बाहेर गॅलरीत आणलं. मी आलो तेव्हा दोघी तिथेच बसलेल्या.

रात्री मला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"बुधवारपासून."

"आणि बोलला नाहीस?"

"तिचं नाव जाईल म्हणून..."

"नाव? आज त्याच गेल्या असत्या."

खरं आहे. मला गॅस सुचलाच नव्हता. मी फक्त शिळ्या उसळीचा विचार करत बसलो.

७ सप्टेंबर

आत्या स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. "मी पेटवूचंय नाय. बसान खातलंय." वृ.ने समजावलं, कोणी घरी असताना पेटवा, आम्ही थांबू. "माझ्यावर राखण? तान्ह्या पोरासारखी?"

बाहेरून डबा. फ्लॉवर, पोळ्या, वरण.

८ सप्टेंबर

डबा.

९ सप्टेंबर

डबा. वाईट नाही. पण कोणासाठीही केलेलं जेवण आहे. डॉक्टरांची वही मात्र झकास दिसतेय. आत्या अर्धी पोळी खाऊन उठते आणि बंद टीव्हीसमोर जाऊन बसते. हे बघवत नाही. साखर वाढली तरी चालेल, पण ही बाई अशी बसलेली नको.

११ सप्टेंबर

नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं. येईलही, येणारही नाही, म्हणाले. ताप येऊन गेला की कधी कधी असं होतं. रोज दोन वेळा ओळखीचे वास घ्यायचे आणि ते कसे होते ते आठवत राहायचं. आत्या बाहेर येऊन म्हणाली, "आठवूक डॉक्टर लागता?"

१३ सप्टेंबर, शनिवार

डब्यातला भात साठलेला. रात्री वृ. तो कचऱ्यात टाकायला निघाली. भांड्याचा आवाज जरा जास्तच केला, असं माझं मत.

"टाकतंस कित्याक?" आत्या उठली. एवढ्या दिवसांनी.

"मला कुठे येतं काही करायला?"

आत्याने टोप घेतला. नाकाशी नेता नेता थांबली आणि वृ.समोर धरला. "हुंग."

"चांगला आहे."

"चांगला म्हणजे कसो? आंबूस? ओलसर? नीट सांग."

वृ. गोंधळली. आम्ही दोघांनी वाकून वाकून तो भात हुंगला. एवढी वर्षं खातोय, पण वास सांग म्हटलं तर शब्दच नाहीत. मी म्हटलं, भातासारखा येतो. आत्याने कपाळावर हात मारला.

शेवटी "चलात" ठरलं. फोडणीचा भात, वर ओलं खोबरं. वृ. शेगडीजवळ उभी. कोणी त्याला राखण म्हटलं नाही. मी तीनदा घेतला.

१६ सप्टेंबर

नियम पक्का: आमच्यापैकी एक जण घरी असल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही. आत्याने मान्य केलंय असं वृ. म्हणते. मला तसं आत्याच्या तोंडून ऐकायला मिळालेलं नाही. वृ. नाकाच्या कामात माझ्या पुढे गेलीये. काल खोबरं भाजताना म्हणाली, "आत्या, आता बिस्किटासारखा येतोय, आता टोस्टासारखा, बास!" आत्याने कढई उतरवली. मटकीची उसळ उत्तम.

पाटकरवहिनी टोप घेऊन आल्या. आत्याने स्वतःच सांगितलं, "माझा नाक बंद आसा. हिका विचार." वृ.चा चेहरा बघण्यासारखा होता.

१८ सप्टेंबर, गुरुवार

वृ.ला उशीर. मलाही झाला. वाटेत सारखं मनात, पेटवला असेल का? फोन लागेना. जिना धावत चढलो, लिफ्टसाठी थांबलोच नाही.

घरात अंधार पडत आलेला. आत्या ओट्यापाशी स्टुलावर. माठ चिरलेला, लसूण ठेचलेली, तेलाची कढई मांडलेली. गॅस बंद. कधीची बसली होती कोण जाणे. भूक लागली असणार. तिच्या हातात लायटर होता, तो तिने माझ्याकडे दिला.

मी गॅस पेटवला. ती फोडणी करत गेली, मी सांगत गेलो. तेल तापलं, अजून वास नाही. मोहरी, जराशी भाजकी. मिरची आली, नाकात झोंबतेय. आता लसूण. अजून कच्ची, उग्र. आता उग्रपणा गेला. आता गोडसर, तुपात काहीतरी तळल्यासारखी...

"थांब," ती म्हणाली.

उलथनं बाजूला ठेवून कढईवर वाकली. डोळे मिटलेले. मी गॅस बारीक केला. आला का वास, असं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं.

"लसूण परत सांग."

मी परत सांगायला लागलो.