टोपीतला फ्यूज

बाबा,

दुपारनंतर घाटात बर्फ पडेल म्हणतात, म्हणून तुम्ही बाजारातून यायच्या आत निघतेय. सोमवारी बिश्केकच्या गॅरेजात रुजू व्हायचंय.

गाडीतला इंजिनच्या बिघाडाचा पिवळा दिवा विझला. ऑक्सिजन सेन्सर गेलाय, तो बदलल्याशिवाय जायचं नाव काढू नकोस म्हणालात ना? सेन्सर ठणठणीत आहे. वायर सायलेन्सरला लागून जळली असेल म्हणून गाडीखाली शिरले, तर तीही शाबूत. मीटर लावला, तर वायरीत करंटच नाही. बघते तर फ्यूजची जागा रिकामी! मग निघताना तुमची ईदची टोपी झटकून ठेवावी म्हटलं, तर तिच्यातून फ्यूज टपकन खाली पडला. जागेवर बसवला आणि दिवा गेला. फ्यूजला काही पाय फुटत नाहीत, बाबा.

रागावले नाही. पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा फ्यूज काढला असतात, तर गाडी जागची हलली नसती. हे तुम्हीच शिकवलंत मला. तुम्ही काढलात तो असा, की नुसता दिवा लागावा, पण वाटेत मी कुठे अडकू नये.

कढईत पुलाव आहे, गरम करून खा. प्रवासाला निघणाऱ्याच्या रिवाजाप्रमाणे नानचा एक घास मी खाल्लाय, उरलेला मी परत येईपर्यंत दारामागच्या खिळ्याला टांगलाय. कोंबड्यांना घालू नका. परत येईन तेव्हा तो मलाच संपवायचाय.

मुहय्यो