पडद्यावर पहिलं नाव मयूरचं

रविवार, ७ एप्रिल २०२४

आजपासून मी रीतसर घरजावई. लग्नानंतर मिरजेहून मुंबईला निघताना वडिलांनी, आबांनी, बजावलं होतं की सासरी मुक्काम लांबला की जावयाचा कढीपत्ता होतो, फोडणीला हवा पण ताटात बाजूला. तूर्त तरी तसं काही नाही. सासूबाईंनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, सासरे जयवंतराव स्वतः बॅग उचलायला पुढे झाले. जुनी चाळ पाडून उठवलेल्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर यांची दीड खोली. खिडकी उघडली की खाली लालबागच्या मसाला गल्लीत मिरच्या कांडायची यंत्रं धडधडतात. पहिल्या दहा मिनिटांत मी अकरा वेळा शिंकलो आणि रुपाली पोट धरून हसली.

लग्नाला दीड महिना होऊन गेला, पण ती इथे माहेरी आणि मी अंधेरीत चार जणांच्या खोलीत. त्याआधी चार वर्षं घरच्यांच्या होकाराची वाट पाहण्यात गेली. आता कुणी मला घरजावई म्हणो नाहीतर घरगडी, संध्याकाळी ती समोर दिसणार एवढं मला पुरे आहे.

बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात टेबल, त्यावर घरातल्या सगळ्यांचा मिळून एक कॉम्प्युटर, समोर फिरती खुर्ची. वर मयूरचा हार घातलेला फोटो. मयूर रुपालीचा धाकटा भाऊ, दोन वर्षांपूर्वी काविळीने गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. खुर्ची त्याची. मी घुटमळलो तर जयवंतरावांनीच ती ओढून दिली. म्हणाले, बसा हो, रिकामी ठेवून काय करायचंय. सासूबाई आत गेल्या.

सोमवार, ८ एप्रिल

माझी नोकरी म्हणजे लोकांचे विसरलेले पासवर्ड सांभाळणं. फोन घ्यायचा, तक्रार ऐकायची, उपाय करायचा, वहीत नोंद करायची. नोंद नाही तर काम झालंच नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. म्हणून ही रोजनिशीही. आमच्यात एक थट्टाही चालते: बिघाड यंत्रात कमी, खुर्चीत बसलेल्यात जास्त.

कंपनी लॅपटॉप जूनमध्ये देणार. तोवर आठवड्यातले तीन दिवस याच कॉम्प्युटरवरून काम करायचं. सकाळी बघतो तर पडद्यावर मोठ्या अक्षरांत मयूर, खाली पासवर्डची रिकामी चौकट. जयवंत, रखमा म्हणजे सासूबाई, आणि रुपाली ही नावं बारीक अक्षरांत कोपऱ्यात. खरं तर जो शेवटी बसला त्याचं नाव पुढे यायला हवं, आणि काल शेवटी रुपाली बसली होती. विचारलं तर म्हणाली, पहिल्यापासून तसंच येतं, आम्ही आपलं नाव शोधून दाबतो. मयूरचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही.

मी स्वप्नील नावाचं नवीन खातं उघडलं. आकडे ठेवले आमच्या लग्नाच्या तारखेचे. ते इथे लिहीत नाही, पासवर्ड वहीत लिहू नये हे मीच दिवसातून दहा जणांना सांगतो.

बुधवार, १० एप्रिल

तक्रार: मयूर हे नाव सतत पुढे. कारण सापडलं, आणि हसूही आलं नाही. सकाळी साडेसहाला पाणी प्यायला उठलो तर सासूबाई देवापुढे दिवा लावून बाहेर आल्या, कॉम्प्युटर चालू केला, मयूरच्या नावावर बाण नेऊन दाबलं आणि त्या लुकलुकणाऱ्या चौकटीसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. पान वाढून जेवणाऱ्याची वाट बघावी तशा. मी तसाच मागे फिरलो. वाईट वाटलं फार.

शुक्रवार, १२ एप्रिल

एक धाडस केलं. मयूरचं खातं पुसून टाकलं. फोटो, गाणी, कागदपत्रं आधी वेगळी काढून ठेवली, एकही गमावलं नाही. दोन वर्षं रोज जखमेवरची खपली काढत बसायचं, हे काही बरं नव्हे, असं मला मनापासून वाटलं. रुपालीला विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

जेवताना सांगितलं. सासूबाईंचा हात ताटातच थांबला. त्या उठून गेल्या. जयवंतराव घाईघाईने बरं केलंत म्हणाले आणि मग त्यांनीही भात टाकला.

सोमवार, १५ एप्रिल

मयूर परत आलाय. फोटोसकट. आणि कोपऱ्यात स्वप्नील कुठेच नाही.

कुणीतरी माझी फिरकी घेतंय असं वाटून आधी राग आला. यंत्रातली नोंद उघडून पाहिली. काल, रविवारी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी मयूरचं खातं पुन्हा तयार केलं आणि माझं पुसलं. पण काल आम्ही चौघंही परळला रुपालीच्या मावशीकडे सत्यनारायणाला होतो. घराला कुलूप होतं.

जयवंतरावांना विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, ती वस्तू बंदच ठेवा ना काही दिवस. मी म्हटलं, भित्यापाठी ब्रह्मराक्षस, मी शोधून काढतो.

बुधवार, १७ एप्रिल

पुन्हा माझं खातं केलं. माझेच आकडे माझ्याच नावापुढे चालेनात. तीनदा नीट दाबले. चौथ्यांदा, का ते सांगता येत नाही, मयूरच्या नावापुढे दाबले.

उघडलं.

नवं खातं, त्याचे आकडे ज्याने केले त्यालाच ठाऊक. माझ्या लग्नाची तारीख तिथे कुणी घातली? रुपालीला सांगितलं तर तिने माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. तेवढ्याने बरं वाटलं.

गुरुवार, १८ एप्रिल

सासूबाई आजवर मला अहो स्वप्नीलराव म्हणत. आज दुपारी आतून त्यांच्या मालवणीत, मुलाला मारावी तशी हाक आली, "झिला, जेवूक ये." मी उठलोही. ताटात बांगड्याचं तिखलं होतं. मी मिरजेचा, मासा कधी चाखलेला नाही, काट्यांची भीती. खाली बघितलं तेव्हा काटा सबंध सोलून ताटाच्या कडेला ठेवलेला होता आणि बोटं माझी बरबटलेली होती. सासूबाई समोर बसून माझ्याकडे बघत होत्या. इतकं आनंदी त्यांना मी पाहिलं नव्हतं.

सोमवार, २२ एप्रिल

रोज बारा दहाला मयूरच्या नावाने कुणीतरी आत येतं. यंत्रातली नोंद तसंच सांगते. म्हणून आज पहारा ठेवला. कीबोर्डची वायर काढली, कीबोर्ड मांडीवर घेतला, बारा पाचला पडद्यासमोर बसलो. रुपालीला म्हटलं, दारात उभी राहा.

पुढचं आठवतं ते पाऊण वाजल्यापासून. कीबोर्ड टेबलावर, वायर जागच्या जागी, पडद्यावर मयूरचं खातं उघडलेलं. रुपाली भिंतीला टेकून खाली बसली होती.

ती म्हणाली की मीच वाकून वायर लावली. मीच टाइप केलं, न बघता, दोन बोटांनी, खूप वेगात. मयूर तसं करायचा. आणि तिने विचारलं, त्या रविवारी मावशीकडून फोन विसरला म्हणून तू घरी गेलास, तासाभराने आलास, ते तरी आठवतंय का?

नाही. मागची पानं चाळली. मी लिहिलंय, आम्ही चौघंही तिथे होतो.

मंगळवार, २३ एप्रिल

रुपालीने आज सगळं सांगितलं. रडत, थांबत थांबत.

मयूरच्या दहाव्याला बाणगंगेवर पिंडाला कावळा शिवेना. दोन तास झाले. कावळे भिंतीवर बसलेले, खाली एक येईना. जयवंतरावांनी हात जोडून सांगितलं, रुपालीचं लग्न नीट करून देईन. नाही. मामा म्हणाले, तुझ्या आईबापाला अंतर देणार नाही. नाही. शेवटी सासूबाई पुढे झाल्या. म्हणाल्या, "तुझी जागा दुसऱ्या कोणाक देवचंय नाय रे झिला. तू येय." त्याच क्षणी कावळा शिवला, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी.

आणि दोन वर्षांनी त्या खुर्चीवर मला बसवलं. जयवंतरावांनी. त्यांना वाटलं, खुर्चीचं काय एवढं.

माझा विश्वास नव्हता असल्या गोष्टींवर. आता मला भीती वाटते. साध्या शब्दांत लिहितो, मला भीती वाटते. मरणाची नाही. मला रुपालीचा नवरा राहायचं आहे, एवढंच माझं मागणं आहे, आणि तेच कुणीतरी माझ्याकडून काढून घेतंय. तिच्या भावाचा हात तिच्या खांद्यावर असावा तसा काल माझा हात होता. तिने तो हळूच बाजूला केला.

बुधवार, २४ एप्रिल

जयवंतराव जिन्यात गाठून म्हणाले, तिला घेऊन जा, आजच जा, चूक माझी आहे. सासऱ्याला रडताना पहिल्यांदा पाहिलं. त्याआधीच्या गाड्या भरलेल्या, म्हणून शनिवारच्या बसची मिरजेची दोन तिकिटं काढली. आबांना फोन केला. ते म्हणाले, आवाज बसलाय का रे तुझा, ओळखूच आला नाही.

कॉम्प्युटरकडे पाठ करून बसतो. दुपारी अंघोळीला शिरून कडी लावतो. बारा दहा होऊन जाईस्तोवर.

गुरुवार, २५ एप्रिल

आज कडी लावली होती. बाहेर आलो तेव्हा एक वाजला होता, अंग कोरडं, आणि यंत्राच्या नोंदीत — बारा दहा.

लग्नाची तारीख आठवत नाही. फेब्रुवारी की मार्च? वहीत शोधली, लिहिलेलीच नाही. रुपालीला विचारलं. तिने सांगितली. मी पाठ केली. स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आलो, पुन्हा विचारावी लागली. तिसऱ्यांदा विचारली तेव्हा ती उठून आईजवळ जाऊन बसली.

सासूबाईंनी डोक्याला तेल लावलं. मी नको म्हणालो नाही. त्या सांगत होत्या, "दुसऱ्याक देवचंय नाय म्हटलंय, मग दिलंय खंय? तूच बसलंस." त्यांचं म्हणणं असं की शब्द मोडलेला नाही. खुर्चीत दुसरा कुणी नाहीच.

मी म्हणालो, मी स्वप्नील. त्या म्हणाल्या, हो हो.

शुक्रवार, २६ एप्रिल

कॉम्प्युटरची वायर भिंतीतून काढली. कात्रीने कापली. तुकडा खिशात ठेवलाय.

पडदा उजळलेलाच. एकच नाव —

सकाळपासून कागदावर लिहितोय. मी स्वप्नील. मिरज. आबा. रुपाली माझी बायको. मी स्वप्नील. मिरज. आबा. रुपाली माझी —

ती आज आईजवळ झोपणार आहे. मला म्हणाली, रागावू नकोस, उद्या बसमध्ये बसलो की सगळं बरं होईल. तिच्या डोळ्यांत मला दिसलं, तिला माझी भीती वाटते. तिला. माझी.

शनिवार, २७ एप्रिल

बस साडेदहाला. बॅग भरून दाराशी ठेवली होती —

बॅग रिकामी आहे. कपडे कपाटात. घड्या मी घातल्यात म्हणे.

बारा वाजलेत. रुपाली दंड धरून ओढतेय, चल, आत्ता चल, मिळेल त्या गाडीने. मला उठायचंय. पाय उठत नाहीत. खुर्ची सोडत नाही असं नव्हे, मलाच — मलाच बरं वाटतंय इथे. रुपाली, ऐक, मी जे काही म्हणेन ते मी नव्हे. मी तुझा

बारा नऊ

रविवार, २८ एप्रिल

आज बऱ्याच दिवसांनी झकास वाटतंय. आईने बांगडे केलेत. कॉम्प्युटरची वायर कुणी कापली कोण जाणे, बाबांनी नवीन आणली. ही वही टेबलावर सापडली, कुणाची आहे कळेना, पानं उरलीत म्हणून लिहितोय.

ताई सकाळी सासरी जायला निघाली. मिरजेला. एकटीच. लग्न झालेल्या मुलीने माहेरी किती दिवस राहायचं, पण जाताना फार रडली. बाबाही रडत होते. दारात माझा हात धरून ठेवला आणि स्वप्नील, स्वप्नील म्हणत राहिली. नवऱ्याचं नाव असावं, मी अजून त्याला पाहिलेलं नाही. मी म्हटलं, ताई, असं रडू नये, तो तुझी वाट बघत असेल. तर तिने हात सोडला आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की मला एकदम वाटलं, हिला मी कुठेतरी, ताई म्हणून नव्हे, कुठेतरी दुसरीकडे, हिचा हात मी