चांगला माणूस मिळालाय

१२ मार्च, रविवार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तुझा गुडघा कसा आहे? लेकीचं लग्न म्हणून उगाच जिने चढत-उतरत बसू नकोस. भाचीला सांग, मावशीने तिच्या नव्या घरासाठी पडदे शिवायला टाकलेत, रंग आवडला नाही तरी आवडला म्हणायचं.

इकडे काम फार. सगळ्या गावाचे दात एकदमच पडलेत की काय कोण जाणे, कवळ्यांचा नुसता ढीग लागलाय. मेणात एकेक दात बसवायचा, वरचा खालच्यावर नीट टेकतो का बघायचं, घासायचं, परत बघायचं. घरी यायला साडेआठ-नऊ होतात. तोवर पाठ अशी आखडलेली असते की खाली वाकवत नाही.

मी वेळ काढतेय हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तर ऐक. मी हे उशिराचं काम सोडणार नाही. ह्यांना कुठेतरी चिकटवून द्यायची खटपट तू करायची नाहीस. आणि लग्नाला मी एकटी येणार नाही.

तू लिहितेस की त्या दिवशी तुला मेल्याहून मेल्यासारखं झालं. होय, झालं असेल. जिन्यातला दिवा गेलेला, मी येते नेमकी तीच वेळ, आणि तू न कळवता विहीणबाईंना घेऊन दारात. ह्यांना वाटलं मीच आले. “या बाईसाहेब, आज किती बोळकी हसवलीत?” म्हणाले, तुझी पर्स काढून घेतली आणि खाली बसून तुझ्या बुटाच्या नाड्या सोडायला लागले. रोज माझ्या सोडतात तशाच. गुडघ्यासाठी तूही हल्ली नाडीचे बूट घालतेस, त्याला ते बिचारे काय करणार? एक बूट हातात आल्यावर त्यांनी वर पाहिलं म्हणे. एका पायावर उभी असलेली तू डोळ्यांपुढे आलीस आणि पत्र वाचता वाचता मला हसू फुटलं, खोटं कशाला बोलू?

पण पुढची ओळ वाचली आणि हसू जागच्या जागी थांबलं. “मी विहीणबाईंना सांगितलं की हा घरचा गडी आहे, जरा वेंधळा आहे. आता तेच धरून ठेव.”

ताई, ह्यांनी मला यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. “तुमच्या ताई येऊन गेल्या, घाईत होत्या,” एवढंच. पत्र हातात घेऊन मी विचारलं, “अहो, हे खरं आहे?” तर भाजी चिरता चिरता म्हणतात, “त्यांची फजिती व्हायला नको म्हणून गप्प बसलो. पाणी दिलं दोघींना. पाहुण्यांना पाणी देतोच की आपण.” मग म्हणाले, “विहीणबाई खूश होत्या. जाताना म्हणाल्या, माणूस चांगला मिळालाय, टिकवा. मला म्हणाल्या, लग्नाच्या गडबडीत येशील का रे मदतीला?”

“येशील का रे” म्हणताना त्यांचा सुरीचा हात थांबला होता. तेवीस वर्षांच्या संसारात मी त्यांना असं खाली मान घालून बसलेलं पाहिलं नव्हतं. छापखाना बंद पडून ह्यांची नोकरी गेली त्या दिवशीसुद्धा नाही.

आता तुला वाटेल, ही सगळं माझ्यावर ढकलून मोकळी होतेय. मोकळी झाले असते तर हे पत्र शुक्रवारीच टाकलं असतं.

दोन वर्षं आमच्या कारखान्यात माझ्या डब्याचं कौतुक चाललंय. साचे ओतणारे काका तर रोज एक घास मागून घेतात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, “कोण करतं हो?” आणि मी म्हणाले, “बाई लावलीय.” का म्हणाले, मलाच ठाऊक नाही. नवरा घरी असतो म्हणायला जीभ रेटली नाही. म्हणजे तू एका संध्याकाळी जे केलंस ते मी रोज दुपारी जेवता जेवता करत होते. तुझा राग आला तेवढीच माझी मला लाज वाटली.

काल सगळ्यांसमोर सांगितलं. डबा माझा नवरा करतो, घर तोच बघतो, हे आम्ही दोघांनी ठरवलंय आणि आमचं बरं चाललंय. मग काका म्हणाले, “त्या भाजीत काय घालतात, विचारून सांगाल?” एवढ्यावर भागलं! आणि मी दोन वर्षं घाबरत होते.

ताई, हे छापखान्यातून थकून यायचे तेव्हा मी ताट झाकून झोपलेली असायचे. त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. आता मी येते तर जिन्यात माझी पावलं वाजली की दार उघडतं. दिवसभर मान मोडून काम केल्यावर आपण आल्याचा कोणालातरी एवढा आनंद होतो, हे मला फार आवडतं. ते मी कोणासाठीही लपवणार नाही. तुझ्यासाठी तर नाहीच.

विहीणबाईंना खरं काय ते तू सांग, मोठी आहेस, तुला नीट जमेल. नाही सांगितलंस तर मांडवात पाऊल ठेवल्या ठेवल्या मी सांगेन, ह्यांचा हात धरून. लग्न मोडेल म्हणतेस? एवढ्यावर मोडणारं घर असेल तर पोरीला आत्ताच कळलेलं बरं. तिलाही नोकरी करायची आहे, तिलाही उशीर होणारच आहे.

उत्तर लिहिशील तेव्हा पाकिटावर माझं नाव घालू नकोस, ह्यांचं घाल. पुढे “श्रीयुत” लिही. दुपारी पोस्टमन येतो तेव्हा घरी तेच असतात. तेच उघडतील, आणि मी आले की मला वाचून दाखवतील. तेव्हा त्यांना माझ्यासमोर वाचता येईल असंच लिही.

तुझी धाकटी,
तुला मी ह्यांच्यासकट हवी असेन, तर अजूनही तुझीच.