कागदोपत्री भाडेकरू

११ फेब्रुवारी

पोलिसांनी मेट्रोखालून आज पुन्हा ई-रिक्षा उचलल्या. अलकाची वाचली — ती नेमकी मला सोसायटीत घ्यायला आली होती म्हणून! दोन वर्षं रोज तिच्याच रिक्षातून द्वारकेचं स्टेशन गाठते. दिवसातलं माझं पहिलं बोलणं तिच्याशी, आणि पुष्कळदा शेवटचंही. बाकी नागपूरच्या पेपराला बातम्या पाठवणं असतं, त्याला बोलणं म्हणत नाहीत.

तिच्या रिक्षाची नोंदणी नाही, कारण लायसन्स नाही. लायसन्स नाही, कारण दिल्लीचा पत्ता नाही. आधारवर बिहारमधलं गाव. आणि घरमालक भाडेकरार करून देत नाही — कागद हातात आला की बाई हक्क सांगेल म्हणे! बिनानोंदणीची रिक्षा पकडली की रवानगी भंगारात. हा नियम मीच आमच्या पेपरात परिच्छेद पाडून समजावला होता. नागपुरात तो कुणाच्या कामी आला असेल, देव जाणे.

नवरा सुरतेला गेला तो गेलाच. रिक्षा गेली तर तिला दुसरं काही नाही.

१३ फेब्रुवारी

तोंडून निघून गेलं — "मेरा पता दे दो."

रुचिराची खोली रिकामीच आहे. माझी भाची. चार वर्षं माझ्याकडे राहिली, ऑगस्टात गुरुग्रामला ऑफिसजवळ गेली.

अलकाने भर रस्त्यात रिक्षा थांबवली. "दीदी, झूठ में फँसोगी."

"कागज सच्चा होगा. सिर्फ किरायेदार झूठी."

हसली. मग रडली. मग मागचे हॉर्न वाजवायला लागले, तेव्हा निघालो.

१४ फेब्रुवारी

खोलीचं कळवलं होतं, तर लगेच रुचिराचा फोन. "मावशी, यार, बिल्कुल वेडी आहेस का तू? पोलिस व्हेरिफिकेशन असतं! आत टाकतील!"

"बरंय की. तिथे सोबत तरी असते."

हसली नाही. रविवारी येते म्हणाली. मागच्याही रविवारी येणार होती.

२० फेब्रुवारी

करार झाला. अकरा महिन्यांचा, शिक्क्यासकट. नोटरीने चष्म्यावरून पाहिलं — "आपस में क्या लगती हैं?"

दोघी एकदम म्हणालो, "कुछ नहीं."

२२ फेब्रुवारी

हवालदार चौकशीला कधीही येईल. खोली राहती दिसायला हवी. अलका पिशवी घेऊन आली — कंगवा, मोहरीच्या तेलाची बाटली, दोन साड्या, छठमैयाचं कॅलेंडर. सगळं ओळीने मांडलं. म्हटलं, हे तर दुकान झालं! जरा पसारा कर.

"कैसे?"

"जैसे सुबह देर हो गई हो."

मग तिला सूर सापडला. चादर चुरगळली, ओला टॉवेल दारावर टाकला, कपाळाची टिकली काढून आरशाला चिकटवली. मागे सरून पाहिलं. एम.ए.ला मी संस्कृत नाटकं घोकली. नेपथ्य म्हणजे काय ते आज कळलं.

चहा घेतला. जाताना त्या खोलीतला दिवा तिनेच मालवला. घरच्यासारखा.

२५ फेब्रुवारी

टॉवेल वाळला. ओला करून पुन्हा टाकला.

३ मार्च

हवालदार आला! मी एकटी. अलका स्टेशनवर. चहा विचारला.

"किरायेदार कहाँ है?"

"सवारी छोड़ने."

खोलीत डोकावला. टिकली, तेल, चुरगळलेली चादर. मान डोलवली, लिहून घेतलं. सुटले म्हणते तोच त्याने माझ्या खोलीचं दार ढकललं. ताणलेली चादर. मोकळं टेबल. बंद कपाट.

"और ये वाला कमरा खाली है? ये भी किराए पर दोगे, मैडम?"

"अभी सोचा नहीं," म्हटलं.

जमिनीवर घडा नाही, हेही डोळ्यांना दिसतं, असं न्यायदर्शनातले नैयायिक म्हणतात. अभाव प्रत्यक्ष दिसतो की नाही यावर आम्ही वर्गात तास घालवले. हवालदाराने दारात उभ्या उभ्या निकाल दिला.

हसले बराच वेळ. कुणाला तरी सांगावं म्हणून फोन उचलला. ठेवला.

१७ मार्च

अलकाचं प्रशिक्षण झालं, परीक्षाही पास! बुंदीचे लाडू. लायसन्स पोस्टाने येणार, आणि पोस्टमन ते तिच्याच हातात देणार. म्हणजे दुपारी तिला इथे थांबणं आलं.

१९ मार्च

किल्ली सकाळीच अलकाला दिली होती, तरी संध्याकाळी सवयीने पर्समध्ये चाचपत होते. दार आतून उघडलं.

"दीदी, दाल में गुड़ डालते हो आप लोग? बीमार हो क्या?"

माझी आमटी चाखून झाली होती. तोंड वाकडं करत दोनदा घेतली मात्र.

२१ मार्च

आलं! तिचं नाव, खाली माझा पत्ता. बोट फिरवून फिरवून वाचत होती.

पिशवी भरून गेली. चादर ताणून गेली. नको म्हणणार होते. टिकली आरशावरच राहिली.

२३ मार्च

रविवार. रुचिरा आली नाही.

२८ मार्च

रिक्षाला नंबर मिळाला. पाटी चकचकीत, अलका गप्प. खोदून विचारलं. घरमालकाने लायसन्सवरचा पत्ता पाहिला. "उधर की किरायेदार है, तो उधर ही रह." महिनाअखेर खोली खाली करायला सांगितलीय.

"आप मत सोचो, दीदी. देख लेंगे."

आ जाओ — दोनच शब्द. स्टेशन येईपर्यंत जिभेवर होते. नको म्हणाली तर? उतरले, "संभलके जाना" म्हटलं. पत्ता देणं सोपं होतं.

३१ मार्च

सकाळी बेल. अलका — हातात ट्रंक, काखेत शेगडी, खांद्यावर तीच पिशवी. हवालदाराला दाखवावं तसं लायसन्स पुढे धरलं.

"दीदी, पता तो यही है न?"

दुसरी किल्ली रुचिराकडेच राहिलीय. उद्या नवी करून आणायला हवी.